वेब साक्षरतेचा क्लब सुरू करायचाय? इथून सुरुवात करा

फोन सराईतपणे चालवणारी माणसंही वेबसमोर अडखळतात. व्हिडिओ पुढे पाठवता येतो, पण तो मुळात कोणी टाकला हे शोधता येत नाही. पासवर्ड विसरला की नवं खातं उघडलं जातं, आणि एकाच माणसाची तीन-चार ईमेल खाती कुठेकुठे पडून राहतात. पत्ता टाइप करायचा की शोधायचं, हा फरक विचारला तर बरेच जण गोंधळतात. ब्राउझरने दोन्ही कामं एकाच चौकटीत आणून ठेवली, त्यामुळे फरक करायची वेळच त्यांच्यावर आलेली नसते. यात त्यांचं काही चुकलेलं नाही. हे शिकायला जायचं तरी कुठे? ऑफिसातलं प्रशिक्षण एखाद्या सॉफ्टवेअरपुरतं असतं. घरातल्या तरुण मंडळींना विचारावं, तर ती फोन हातातून काढून घेतात, दोन सेकंदांत काम उरकतात आणि फोन परत देतात. काम होतं, शिकणं होत नाही.

स्वयंसेवकांनी चालवलेला छोटा क्लब ही उणीव बऱ्यापैकी भरून काढू शकतो. त्यासाठी संगणक अभियंता असायची गरज नाही. ब्राउझर नीट वापरता येणारा, थोडा धीर असलेला कोणीही हे करू शकतो. नियम एकच, आणि तो पहिल्या दिवसापासून पाळायचा: शिकणाऱ्याच्या माउसला, कीबोर्डला किंवा फोनला मदतनिसाने हात लावायचा नाही. बाकी सगळं परिस्थितीनुसार बदलता येतं.

## असे क्लब नवे नाहीत

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात २०११ साली कोडरडोजो सुरू झालं, ब्रिटनमध्ये २०१२ साली कोड क्लब. ठरलेली वेळ, शिकवायला स्वयंसेवक आणि मुलांच्या हातात प्रत्यक्ष काम, एवढ्याच भांडवलावर दोन्ही उपक्रम अनेक देशांत पोहोचले आणि पुढे दोन्ही रास्पबेरी पाय फाउंडेशन या संगणक-शिक्षणासाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या छत्राखाली आले. पण त्यांचा रोख मुलांवर आणि प्रोग्रामिंगवर होता. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने २०१५ साली मोझिला क्लब्स सुरू केले, तेव्हा कल्पना जास्त व्यापक होती. मोझिलाने २०१३ पासून वेब साक्षरतेचा एक नकाशा मांडला होता. वेब वाचता येणं, वेबवर लिहिता येणं आणि तिथे सहभागी होता येणं असे त्याचे तीन भाग आहेत. कोडिंग हा त्यातला एक तुकडा.

या तीन भागांची विभागणी आजही कामाची आहे. नवा क्लब काढणारे बहुतेक जण पहिल्या भागातच अडकतात: धोके सांगायचे, सावध करायचं, ‘हे करू नका’ची यादी वाचायची. अशा सत्रातून माणसं घाबरून घरी जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. काहीतरी बनवायला मिळालं की ती परत येतात.

मोझिलाच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. त्या क्लबांमध्ये थिंबल नावाचा ऑनलाइन कोड-संपादक खूप वापरला जायचा. तो २०१९ च्या अखेरीस बंद झाला आणि लोकांना आपली कामं ग्लिच या सेवेवर हलवायची सोय दिली गेली. ग्लिचनेही २०२५ साली लोकांचे प्रकल्प होस्ट करणं, म्हणजे वेबवर ठेवून दाखवणं, थांबवलं. म्हणून अभ्यासक्रम कुठल्याही एका चकचकीत साधनावर उभा करू नका. ब्राउझर आणि साधा टेक्स्ट एडिटर ही दोन साधनं पुरतात, ती फुकट आहेत आणि उद्या गायब होणार नाहीत. शिकणाऱ्यांनी बनवलेलं प्रत्येक काम फाइल म्हणून त्यांच्याजवळही राहिलं पाहिजे.

## कोणासाठी, हे आधी ठरवा

‘सर्वांसाठी खुला’ असं लिहायचा मोह आवरा, निदान सुरुवातीला तरी. बारा वर्षांची मुलं आणि निवृत्त माणसं एकाच सत्रात असली तर एक गट कंटाळतो आणि दुसरा संकोचतो. एक गट निवडा: किशोरवयीन मुलं, नोकरी शोधणारे तरुण, ज्येष्ठ नागरिक, छोटा व्यवसाय चालवणाऱ्या बायका, पालक. पुढे क्लब स्थिरावला की गट मुद्दाम मिसळता येतात, आणि तेव्हा ते फार छान जमतं. पहिल्या महिन्यात नको.

मग त्या गटातल्या दहा-बारा जणांशी बोला. ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ असं विचारू नका, उत्तर येतं ‘संगणक’ किंवा ‘इंग्रजी’. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या आठवड्यात इंटरनेटवर कुठे अडलात?’ मग खरं बाहेर येतं. फॉर्म भरताना फोटोचा आकार जास्त आहे म्हणून नाकारला गेला. एक मेसेज आला तो खरा की खोटा कळलं नाही. मुलाने काय बघितलं ते कसं पाहायचं. दुकानाचं नाव नकाशावर चुकीच्या जागी दिसतं. ही उत्तरं त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवा. तुमचा अभ्यासक्रम या वहीतूनच निघणार आहे.

## माणसं जमवा

एकट्याने सुरू करू नका. किमान दोघं हवेत, तिघं असतील तर उत्तम. एक जण समोरून सत्र चालवतो, दुसरा फिरत राहतो आणि अडलेल्यांजवळ बसतो. तिसऱ्याने शिकवण्याच्या भानगडीत न पडता जागा, हजेरी, निरोप, चार्जर सांभाळावेत. हे तिसरं काम कोणाला नको असतं, पण क्लब टिकतो तो त्याच्यावर. पाच-सहा शिकणाऱ्यांमागे एक मदतनीस असं प्रमाण साधारण जमतं. वयस्कर मंडळी असतील तर तेही कमी पडतं.

मदतनीस निवडताना ज्ञानापेक्षा स्वभाव पाहा. संगणकात अतिशय तरबेज असलेली व्यक्ती कित्येकदा सर्वांत वाईट मदतनीस ठरते, कारण तिला अडखळणं बघवत नाही. उलट सहा महिन्यांपूर्वीच शिकलेल्या माणसाला नेमकं कुठे अडतं ते आठवत असतं. तरबेज मंडळींना अडगळीतले लॅपटॉप दुरुस्त करायला द्या. तेही महत्त्वाचं काम आहे आणि ते त्यात रमतात.

## जागा आणि सामान

वाचनालय, शाळा, समाजमंदिर, एखाद्या संस्थेची रिकामी खोली, काहीही चालेल. पाहणी करताना चार गोष्टी बघा: प्लगची सॉकेट किती, स्वच्छतागृह आहे का, जिना चढता न येणारी व्यक्ती आत येऊ शकते का, आणि संध्याकाळी घरी परतणं सुरक्षित आहे का. नेट तपासताना एक फोन जोडून समाधान मानू नका. जितकी उपकरणं प्रत्यक्षात असणार तितकी एकदम जोडून बघा. संस्थांच्या वायफायवर बऱ्याच साइट बंद केलेल्या असतात, ते सत्राच्या दिवशी कळलं तर पंचाईत होते.

नेट अजिबातच नसेल तरी क्लब चालतो. किविक्स हे सॉफ्टवेअर वापरून संपूर्ण विकिपीडिया आधी उतरवून ठेवता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. कोलिब्री नावाचा मंचही याच कामासाठी आहे. त्यात धडे एका संगणकावर ठेवून खोलीतल्या बाकीच्या उपकरणांवर दाखवता येतात. स्वतः लिहिलेलं वेबपान उघडायलाही नेट लागत नाही.

प्रत्येकाला स्वतंत्र संगणक हवाच असं नाही. दोघांत एक असला तर माणसं बोलतात, एकमेकांना विचारतात. फक्त दर दहा मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याकडे द्यायचा, नाहीतर धीट माणूस चालवतो आणि दुसरा नुसता बघतो. सगळ्यांकडे फक्त फोनच असतील तर वाचण्याची आणि पडताळणीची सत्रं त्यावर उत्तम होतात. पानाच्या आतली रचना पाहायला आणि कोड लिहायला मात्र दोन-तीन तरी लॅपटॉप मिळवा, कारण फोनवरच्या ब्राउझरमध्ये ती सोय सहज मिळत नाही.

## पहिलं सत्र

पहिल्या सत्रात स्वतःची ओळख, क्लबचे उद्देश, इंटरनेटचा इतिहास यात अर्धा तास घालवू नका. नावं सांगून झाली की लगेच हाताला काम द्या. नव्वद मिनिटं पुरेत. मी पहिल्या सत्रासाठी नेहमी एकच खेळ सुचवतो, कारण त्यात वाचणं, लिहिणं आणि शंका घेणं हे तिन्ही एकदम येतं.

लॅपटॉपवर कुठलंही साधं बातमीचं पान उघडायला सांगा. मथळ्यावर उजवं बटण दाबलं की येणाऱ्या यादीत ‘इन्स्पेक्ट’ असा पर्याय दिसतो. तो निवडला की बाजूला किंवा खाली पानाचा कोड उघडतो, आणि मथळ्याचे शब्द त्यात ठळकपणे निवडलेले असतात. त्या शब्दांवर दोनदा क्लिक करायचं, ते खोडायचे, स्वतःचं वाक्य टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. पानावरचा मथळा बदलतो. त्याच अक्षरांत, त्याच जागी, त्याच बोधचिन्हाखाली.

यानंतर खोलीत जो गलका होतो तो होऊ द्या. ‘मी वेबसाइट हॅक केली का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. उत्तर देऊ नका. म्हणा, ‘पान रिफ्रेश करून बघा.’ जुना मथळा परत येतो. मग विचारा, असं का झालं असेल? बदल कुठे झाला होता? शेजारच्याच्या पडद्यावर तो का दिसला नाही? पान दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेलं असतं, तुमचा ब्राउझर त्याची प्रत आणून दाखवतो आणि तुम्ही फक्त आपली प्रत बदललीत, हे स्पष्टीकरण लोकांच्या तोंडूनच निघतं. आकृती काढून अर्धा तास समजावलं तरी ते इतकं पक्कं बसत नाही.

आता शेवटचा प्रश्न: रिफ्रेश करण्याआधी याचा स्क्रीनशॉट काढून कोणी पाठवला असता तर? बहुतेक जण गप्प होतात, कारण कधीतरी आलेला एखादा स्क्रीनशॉट त्यांना आठवतो. ‘खोट्या बातम्यांपासून सावध राहा’ हे वाक्य उच्चारायची गरजच उरत नाही.

दोन अटी मात्र आधीच घाला. मथळा उघडच विनोदी हवा आणि त्यात खऱ्या व्यक्तीचं नाव नको. बनवलेला स्क्रीनशॉट खोलीबाहेर जाणार नाही. कोणी हट्टाने पाठवायला निघालाच, तर तिथेच थांबवून त्यावर बोला.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने आज काय केलं ते एका वाक्यात सांगायचं, आणि वहीतला पुढचा विषय सगळ्यांनी मिळून निवडायचा.

## पुढच्या सत्रांत काय घ्यावं

क्रम तुमच्या वहीप्रमाणे बदलेल. पण काही विषय जवळपास प्रत्येक गटाला लागतातच.

पत्ता वाचणं. फसवणूक करणाऱ्या दुव्यांपासून वाचायचं हे सर्वांत खात्रीचं कौशल्य आहे आणि ते वीस मिनिटांत शिकवता येतं. पत्त्यातल्या सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची. त्या दोहोंमधला भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटी ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’ असं काहीतरी असतं आणि त्याच्या लगेच डावीकडचा शब्द म्हणजे साइटचा खरा मालक. त्याच्याही डावीकडे काहीही लिहिता येतं. ‘माझीबँक डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नाही, तो ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ ज्याचं आहे त्याचा आहे. (सरावासाठी हेच नाव वापरा, ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.) काही देशांच्या पत्त्यांत शेवटचा भाग ‘को डॉट यूके’सारखा दुहेरी असतो, तिथे एक पाऊल आणखी डावीकडे सरकायचं. कागदावर पंधरा पत्ते छापून द्या आणि मालकाच्या नावाभोवती गोल करायला सांगा. या सत्राला संगणक लागतच नाही.

पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट विश्वासू, ही समजूतही इथेच मोडून काढा. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे बोलणं होतं ते वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला चोर असेल तर चोराशी सुरक्षितपणे बोलणं होतं, इतकंच. लोकांचा हा गैरसमज इतका घट्ट होता की क्रोम ब्राउझरने २०२३ साली पत्त्याशेजारचं कुलूप काढून तिथे दुसरं साधं चिन्ह ठेवलं.

पान सोडून बाहेर पडणं. अनोळखी साइट खरी की खोटी हे ठरवायला बहुतेक माणसं तिचं ‘आमच्याविषयी’ पान वाचतात, मांडणी बघतात, बोधचिन्ह बघतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. त्यात इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी साइट पारखायला दिल्या होत्या. इतिहासाचे डॉक्टरेट मिळवलेले लोकही छान दिसणाऱ्या पानाला फसले. तपासनीस मात्र पान जेमतेम बघून लगेच नवे टॅब उघडत होते आणि त्या साइटविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधत होते. त्यांचे निष्कर्ष कमी वेळात आणि जास्त अचूक निघाले.

क्लबात याचा खेळ करा. एक दुवा द्या आणि घड्याळ लावा. एका मिनिटाच्या आत पान सोडून बाहेर पडायचंच, आणि बाहेरून तीन गोष्टी आणायच्या: ही संस्था कोणाची, तिला पैसा कुठून येतो, आणि याच विषयावर दुसरं कोण काय म्हणतं. मग त्यात डिजिटल साक्षरतेचे अभ्यासक माइक कॉलफील्ड यांच्या चार पायऱ्या घाला: थांबा, स्रोत कोण ते पाहा, याहून चांगली माहिती शोधा, दावा मुळापर्यंत न्या. शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला देऊन ते पहिल्यांदा कधी आणि कुठे आलं हे पाहणं चौथ्या पायरीत येतं. सराव गटाला परिचित विषयांवर घ्या, पण पेटलेल्या राजकीय वादावर नको. निदान माणसं एकमेकांना ओळखेपर्यंत तरी नको, कारण मग पद्धत बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं.

पासवर्ड. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला हा सल्ला अजूनही फिरतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच तो मागे घेतला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा. सतत बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होतात. अवघड चिन्हांपेक्षा लांबी महत्त्वाची: एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले की लक्षातही राहतं आणि ओळखणंही कठीण जातं. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, त्यासाठी सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर दाखवा, आणि ईमेलवर दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा) तिथेच बसून सुरू करून द्या. आधी ईमेल, कारण ते हाती लागलं तर बाकी खात्यांचे पासवर्ड तिथून बदलता येतात. या सत्रात कोणीही आपला खरा पासवर्ड उच्चारायचा नाही, कागदावर लिहायचा नाही आणि मदतनिसाने टाइप होताना बघायचा नाही. तोंड दुसरीकडे वळवा. तुम्ही वळवलेलं लोक बघतात आणि तेच शिकतात.

स्वतःचं पान. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये मथळा, परिच्छेद, चित्र, दुवा आणि यादी या पाच टॅगवर, म्हणजे ब्राउझरला मजकुराचं रूप सांगणाऱ्या खुणांवर, एक पान उभं राहतं. विषय ज्याचा त्याने निवडावा. देवनागरीत लिहिणार असाल तर दोन गोष्टी विसरू नका. पानाच्या वरच्या भागात अक्षरसंच यूटीएफ-८ आहे असं सांगणारी ओळ हवी आणि फाइलही त्याच रूपात जतन झालेली हवी, नाहीतर अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसू शकतात. दुसरी गोष्ट, पानाची भाषा मराठी आहे हे सुरुवातीच्या टॅगमध्ये नोंदवा, म्हणजे दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर ते मराठी उच्चारांत वाचायचा प्रयत्न करतं. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, द्यायची सवयही पहिल्याच पानापासून लावा.

चित्र कुठून घ्यायचं हा प्रश्न आला की परवान्यांचा विषय आपोआप निघतो. शोधात दिसलं म्हणजे वापरायची मुभा मिळाली असं होत नाही. विकिमीडिया कॉमन्सवरची चित्रं आणि त्याखाली दिलेली परवान्याची ओळ दाखवा, श्रेय कसं द्यायचं ते करून घ्या. दहा मिनिटं पुरतात.

सहभाग. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि त्यात भर घालायला कोणालाही मुभा आहे. शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करणं हेही योगदानच, आणि ‘बदल जतन झाला’ हे पाहून माणसाचा वेबकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलतो. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, सराव करून घ्या. एक व्यावहारिक अडचण आधीच माहीत असू द्या: एकाच नेटजोडणीवरून दिवसाला मोजकीच, साधारण सहा, नवी खाती उघडता येतात. म्हणून सदस्यांना खाती घरूनच उघडून यायला सांगा.

## हात मागे

सुरुवातीला सांगितलेला नियम पाळणं वाटतं त्याहून अवघड आहे. समोरचा माणूस बरोबर बटणाच्या शेजारी तिसऱ्यांदा क्लिक करतो तेव्हा हात आपोआप पुढे जातो. नवे मदतनीस पहिल्या दोन सत्रांत अक्षरशः हात पाठीमागे बांधून उभे राहिले तरी हरकत नाही.

हात वापरायचा नाही म्हटल्यावर उरतात प्रश्न. ‘आता पडद्यावर काय लिहिलंय, वाचून दाखवा.’ अर्ध्या अडचणी एवढ्यानेच सुटतात, कारण येणारी सूचना न वाचता बंद करायची सवय सगळ्यांना असते. ‘तुम्हाला काय व्हावं असं वाटत होतं? आणि झालं काय?’ ‘परत मागे कसं जाल?’ प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता मदतनिसाला फार मोठी वाटते, शिकणाऱ्याला मात्र तेवढा वेळ लागतो.

‘सोपं आहे’ हे शब्द खोलीत बंद. सोपं असूनही जमत नाही, मग दोष आपलाच, असं समोरच्याला वाटतं.

उत्तर येत नसेल तर मनातल्या मनात घाबरू नका, मोठ्याने शोधा. काय टाइप करताय, दहा निकालांतला हाच का निवडला, तो का सोडला, हे बोलत बोलत करा. न येणारी गोष्ट कशी शोधायची याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मुद्दाम ठरवूनही जमत नाही.

## सुरक्षितता

मुलांचा क्लब असेल तर खोलीत कायम दोन प्रौढ हवेत आणि पालकांची लेखी संमती हवी. मुलांचे फोटो टाकण्यासाठी वेगळी संमती घ्या, तीच गृहीत धरू नका. अनेक ऑनलाइन सेवा तेरा वर्षांखालील मुलांना खातं उघडू देत नाहीत, आणि मुलांच्या माहितीविषयीचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत. तुमच्याकडे काय लागू आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्या. शक्य तिथे खातं न लागणाऱ्या कृतीच निवडा. वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच कृतींना खातं लागत नाही.

प्रौढांच्या क्लबातही एक दिवस कोणीतरी फसवणूक झाल्याचं सांगत येईल. पैसे गेले असतील तर क्रम असा: ताबडतोब बँकेला तिच्या अधिकृत क्रमांकावर कळवणं, ईमेलचा पासवर्ड बदलणं, मेसेज न पुसता पुरावे जपणं, अधिकृत यंत्रणेकडे तक्रार. शोधात वर दिसलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक खोटा असू शकतो, म्हणून क्रमांक कार्डाच्या मागून किंवा पासबुकातून घ्यायचा. हा क्रम भिंतीवर लावून ठेवा. त्या माणसाला ‘तुम्ही दुवा उघडलाच कशाला’ असं कोणी म्हणणार नाही याची जबाबदारी तुमची. म्हटलं गेलं, तर पुढचा फसलेला माणूस तोंड उघडणार नाही.

क्लबच्या उपकरणांवरून आर्थिक व्यवहार करायचे नाहीत. सत्र संपल्यावर प्रत्येकाने लॉग आउट केलंय ना ते सगळ्यांनी मिळून तपासायचं. सदस्यांच्या यादीचा वापर विमा विकायला किंवा प्रचाराला होणार नाही, हे एका पानाच्या नियमावलीत लिहून टाका. असा प्रयत्न कधी ना कधी होतोच.

## क्लब टिकतो कसा

वार आणि वेळ बदलू नका. तिघेच आले तरी सत्र घ्या. दर आठवड्याला झेपत नसेल तर पंधरवड्याने घ्या, पण ‘जमेल तेव्हा’ असं कधीच ठेवू नका. जाहिरातीवर फार शक्ती घालवायचीही गरज नाही. दाराशी लावलेला कागद आणि आलेल्यांनी शेजाऱ्याला सांगणं याने जितकी माणसं येतात तितकी सहसा समाजमाध्यमावरच्या पोस्टने येत नाहीत.

हजेरीचा आकडा दाखवायला बरा, पण त्यावरून कोण काय शिकलं ते कळत नाही. त्याऐवजी सुरुवातीला एक छोटं काम द्या, उदाहरणार्थ पाच पत्त्यांतला खरा मालक ओळखणं, आणि तेच काम सहा सत्रांनंतर पुन्हा द्या. प्रत्येक सत्रानंतर वहीत तीन ओळी लिहा: काय घेतलं, कोण कुठे अडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. अनुदान मागायची वेळ आली तर हीच वही उपयोगी पडते.

तीन-चार महिन्यांनी शिकणाऱ्यांपैकी एखाद्याला दहा मिनिटांचा भाग चालवायला द्या. पत्ता वाचण्याचा खेळ यासाठी उत्तम. पुढच्या खेपेला पूर्ण सत्र द्या आणि तुम्ही मागच्या रांगेत बसा. तिथेही हात मागेच ठेवायचे.

क्लबची सगळी खाती, ईमेल, फाइलींची जागा हे कोणाच्याही वैयक्तिक नावावर नको. क्लबसाठी वेगळं ईमेल काढा आणि त्याचा ताबा कायम दोघांकडे असू द्या. तुम्ही तयार केलेले कागद आणि खेळ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे करा, म्हणजे दुसऱ्या गटाला न विचारता वापरता येतील. आणि सगळा भार एकाच माणसावर येऊ लागला, तर क्लब रखडत चालवण्यापेक्षा तारीख जाहीर करून थांबवा. थांबताना सदस्यांची कामं त्यांच्या हवाली करा, सत्रांचे कागद कुठे मिळतील ते कळवा आणि फोन नंबरांची यादी पुसून टाका.